एरिक बॉल: हॉर्नच्या बाकावरून ऐकायचा संगीतकार

तुमची मुलगी लीड्सच्या यूथ ब्रास बँडमध्ये, म्हणजे पितळी वाद्यांच्या बँडमध्ये, सेकंड टेनर हॉर्न हे मधल्या आवाजाचं वाद्य वाजवते आणि त्यांचा बँड सध्या एरिक बॉल यांची ‘रिसर्गम’ ही रचना बसवतोय हे वाचून फार बरं वाटलं. तिची तक्रारही समजली, की सगळी चाल कॉर्नेटवाल्यांकडे (म्हणजे वरच्या आवाजाच्या, ट्रम्पेटसारख्या वाद्याकडे) जाते आणि आपल्या वाट्याला नुसते लांब लांब सूर येतात. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. हा एरिक बॉल कोण, इथले जुने बँडवाले त्याचं नाव इतक्या मायेने का घेतात, आणि दिवाळीच्या कार्यक्रमासाठी भूपातला एक अभंग बँडला लिहून द्यायचाय त्यात याच्याकडून काही शिकता येईल का. मी कॉर्नेट हातात धरायला शिकलो तो मुक्तिफौजेच्या, म्हणजे साल्व्हेशन आर्मीच्या, बँडमध्ये, तिकडे आपल्या महाराष्ट्रात, आणि गेली कित्येक वर्षं यॉर्कशायरमध्ये बँड कंडक्ट करतोय, अरेंजमेंट लिहितोय. या माणसाचं संगीत मी दोन्हीकडे वाजवलंय म्हणून उत्तर जरा लांबणार आहे, सावकाश वाचा.

आधी मुलीला एवढं सांगा की ‘रिसर्गम’चा जीव तिच्याच बाकावर आहे. हे मी तिची समजूत काढायला म्हणत नाहीये. बॉल यांचं संगीत वरच्या चालीवरून कळत नाही, मधल्या आवाजांवरून कळतं, म्हणजे तीन हॉर्न, दोन बॅरिटोन, फ्लुगल (कॉर्नेटचाच मऊ आवाजाचा भाऊ), सेकंड आणि थर्ड कॉर्नेट. बँडचा हा मधला पट्टा कुठल्याही साध्या बँडमध्ये सगळ्यात दुर्लक्षित असतो, नवीन पोरं तिथे बसवतात, म्हातारे तिथे बसवतात. आणि बॉल यांनी आयुष्यभर नेमकं त्याच लोकांसाठी मन लावून लिहिलं. ते असं का लिहीत होते ते त्यांच्या आयुष्यात दिसतं, म्हणून आधी ते सांगतो.

बॉल यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १९०३ चा, ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूडचा. घर मुक्तिफौजेचं. आता मुक्तिफौज म्हटलं की नगरकडच्या माणसाला बूथ हॉस्पिटल आठवतं, बाकीच्यांना बहुतेक काहीच आठवत नाही, म्हणून थोडं सांगतो. ही विल्यम बूथ यांनी लंडनच्या गरीब वस्तीत सुरू केलेली ख्रिस्ती संस्था, लष्करासारखे हुद्दे, गणवेश, झेंडा, आणि रस्त्यावर उभं राहून उपदेश. बँड त्यांच्यात आला तो सॉल्सबरी गावातून १८७८ मध्ये, चार्ल्स फ्राय नावाचे एक बिल्डर आणि त्यांचे तीन मुलगे वाद्यं घेऊन मुक्तिफौजेच्या सभांना उभे राहायला लागले, तेव्हा त्या सभांवर गुंड हल्ले करायचे आणि वाद्यांच्या आवाजाने गर्दी जमायची पण आणि आवरायची पण. चारच वर्षांनी, सप्टेंबर १८८२ मध्ये, मुक्तिफौजेचे अधिकारी बूथ-टकर आणि त्यांचे सोबती मुंबईला उतरले. रस्त्यावर मिरवणूक काढली म्हणून पोलिसांनी त्यांना अटकसुद्धा केली होती. म्हणजे ज्या घराण्याचं संगीत तुमची मुलगी आज लीड्समध्ये वाजवतेय त्याचा एक फाटा मुंबईत पार तेव्हापासून आहे, आणि मी त्याच फाट्यावरचा.

मुक्तिफौजेच्या बँडसंगीतात एक गोष्ट फार महत्त्वाची होती, ती कळल्याशिवाय बॉल कळत नाहीत. तिथे बँड वाजवायचा तो शब्दांसाठी. समोर बसलेल्या लोकांना गाणं पाठ असायचं, बँडने नुसती चाल धरली की ऐकणाऱ्याच्या मनात ओळी उमटायच्या. त्यामुळे अरेंज करणाऱ्याला दुसऱ्या कडव्याच्या सुरांखाली काय द्यायचं हे दुसऱ्या कडव्यात म्हटलंय काय यावरून ठरवावं लागायचं. कडव्यात दुःख आहे तर चाल फ्लुगलकडे किंवा युफोनियम या खालच्या, भरदार आवाजाच्या वाद्याकडे आणायची, आशा आहे तर सोप्रानो, म्हणजे सगळ्यात उंच आवाजाचा, कॉर्नेट वर चढवायचा. आपल्याकडे अभंग गाणारा चांगला गायक असाच विचार करतो, चाल तीच पण प्रत्येक कडव्याला आवाज वेगळा लावतो. बॉल लहानपणापासून यातच वाढले, आणि विशीत असतानाच लंडनला मुक्तिफौजेच्या संगीत संपादन विभागात कामाला लागले.

त्या विभागाचं काम काय, तर जगभरच्या मुक्तिफौजेच्या बँडना छापील संगीत पुरवायचं. कुठे पंचवीस जणांचा तगडा बँड, कुठे आठ माणसं आणि एक ड्रम. छोट्या बँडसाठीची प्रकाशनांची एक वेगळी मालिकाच होती, तिच्यात एखादा पार्ट, म्हणजे एका वाद्याची ओळ, नसला तरी संगीत उभं राहिलं पाहिजे अशी मांडणी करावी लागायची, म्हणजे महत्त्वाची ओळ दुसऱ्या एखाद्या पार्टमध्ये छोट्या टाइपात लिहून ठेवायची, तो वाजवणारा नसला तर हा वाजवेल. असं लिखाण वर्षानुवर्षं केलं की हाताला वेगळं वळण लागतं. कोणता सूर कुणाकडे असला तर बँड उभा राहतो आणि कुठला सूर नुसता भरीचा आहे, ते दिसायला लागतं. मला विचाराल तर बॉल यांचं खरं शिक्षण या टेबलावर झालं. पुढे ते त्याच संस्थेच्या प्रकाशन आणि पुरवठा विभागाच्या बँडचे बँडमास्टर झाले, आणि १९४२ मध्ये इंटरनॅशनल स्टाफ बँडचे, म्हणजे मुक्तिफौजेच्या जगातलं सगळ्यात मानाचं पद.

या काळातलं त्यांचं काम अफाट आहे. ‘स्टार लेक’ हा मार्च अजून वाजतो, अमेरिकेत न्यू जर्सीत मुक्तिफौजेचा संगीताचा उन्हाळी कॅम्प भरायचा त्याच्या नावावरून तो आहे, ‘टॉर्चबेअरर्स’ पण तसाच, चालताना छाती पुढे येते असा. ‘एक्सोडस’ आणि ‘द ट्रायम्फ ऑफ पीस’ या मोठ्या रचना. आणि एकेका वाद्यासाठीचे सोलो पण. तुमच्या मुलीने पुढेमागे सोलो वाजवायचा ठरवला तर त्यांचं ‘सप्टेंबर फँटसी’ बघा, पण त्याला अजून वेळ आहे, लांब श्वास लागतो.

मग आलं १९४४. बॉल यांचा ओढा स्पिरिच्युअलिझमकडे झाला होता, म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या आत्म्याशी संवाद होतो असं मानणाऱ्या मंडळींकडे, आणि हे मुक्तिफौजेच्या शिकवणीत बसणारं नव्हतं. त्यांनी राजीनामा दिला. आपण लांबून वाचताना हे एक वाक्य असतं, पण त्या माणसाचा जन्म, घर, नोकरी, हुद्दा, रविवार, मित्र, वाजवणारे, ऐकणारे, सगळं एका संस्थेत होतं, चाळिशीत ते सगळं सुटलं. आणि संगीतकार म्हणून तर दुप्पट सुटलं, कारण तेव्हा नियमच असा होता की मुक्तिफौजेच्या बँडनी फक्त मुक्तिफौजेने छापलेलं संगीत वाजवायचं आणि ते छापलेलं संगीत बाहेरच्या बँडना मिळायचं नाही. म्हणजे बॉल यांनी वीसेक वर्षं जे लिहिलं ते बाहेरच्या बँडना वाजवता येणार नव्हतं, आणि आता यापुढे बाहेर जे लिहितील ते त्यांच्या जुन्या सोबत्यांना वाजवता येणार नव्हतं. ही भिंत १९९२ मध्ये पडली. बॉल १ ऑक्टोबर १९८९ ला बोर्नमथला वारले, त्यांना ते बघायला मिळालं नाही. मला या गोष्टीचं अजून वाईट वाटतं, मी लपवत नाही.

(मुक्तिफौजेशी त्यांचं नातं नंतर जुळलं, हे पण सांगायला हवं. ‘द किंगडम ट्रायम्फंट’ ही त्यांची मोठी रचना मुक्तिफौजेसाठीचीच आहे, साठच्या दशकातली. माणसांनी एकमेकांना परत जवळ केलं, नियम मात्र तोच राहिला.)

बाहेर पडल्यावर ते कॉन्टेस्टच्या जगात आले आणि ते जग पूर्ण वेगळं. तिथे खाणीचे बँड, गिरण्यांचे बँड, कारखान्यांचे बँड, सहकारी संस्थांचे बँड. बँड स्टेजवर येतो, जज बंद खोपट्यात बसलेले असतात म्हणजे कोण वाजवतंय ते दिसू नये, सगळ्यांनी तीच एक ठरलेली रचना वाजवायची, तिला टेस्ट पीस म्हणतात. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत १८५३ मध्ये अशी स्पर्धा सुरू झाली, लंडनची नॅशनल स्पर्धा १९०० मध्ये. पहिली कित्येक वर्षं टेस्ट पीस म्हणजे ऑपेरातल्या चाली जोडून केलेली सिलेक्शनं असायची. खास ब्रास बँडसाठी लिहिलेली मोठी रचना म्हणून लोक पर्सी फ्लेचर यांच्या १९१३ च्या ‘लेबर अँड लव्ह’चं नाव घेतात, मग १९२८ ला होल्स्ट, १९३० ला एल्गार, १९३२ ला जॉन आयर्लंड असे बडे ब्रिटिश संगीतकार लिहायला लागले. पण ही मंडळी पाहुणी होती. बॉल त्याच बाकांवरून उठून आलेले.

ब्रिगहाऊस अँड रॅस्ट्रिक बँड त्यांच्याकडे आला आणि १९४६ मध्ये त्यांनी रॉयल अल्बर्ट हॉलला नॅशनल जिंकली, म्हणजे संस्था सोडल्यावर दोनच वर्षांत. हा बँड तुम्हाला लीड्सहून जवळच आहे, संधी मिळाली तर मुलीला ऐकवा. कुठल्या कारखान्याच्या मालकीचा नाही, गावाच्या पाठबळावर उभा राहिलेला बँड, आणि १९७७ ला ‘फ्लोरल डान्स’ने ब्रिटनच्या पॉप चार्टवर दुसऱ्या नंबरला गेलेला तो हाच.

आता ‘रिसर्गम’. १९५० ची रचना, बेल व्ह्यूच्या सप्टेंबर स्पर्धेची टेस्ट पीस. नाव लॅटिन आहे, ‘मी पुन्हा उठेन’ असं, आणि सोबत बायबलच्या परंपरेतल्या ‘विज्डम ऑफ सॉलोमन’मधली ओळ दिलेली आहे, की सज्जनांचे आत्मे देवाच्या हाती आहेत. युद्ध संपून पाचच वर्षं झाली होती. बँडमध्ये बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या घरातलं कोणी ना कोणी गेलेलं होतं. आणि लिहिणारा माणूस तो, ज्याने मेल्यानंतर काय या एका प्रश्नापायी आपलं सगळं सोडलं. त्यामुळे ही रचना मला कधीच स्पर्धेसाठी लिहिलेली वाटली नाही, स्पर्धेने ती फक्त मागून घेतली.

ती कशी बांधलीय ते सांगतो, कारण मुलीला वाजवताना उपयोग होईल. सुरुवात शांत. त्या शांततेत चाल ऐकणाऱ्याला वाटतं की किती सोपं आहे, वेग नाही, धावते सूर नाहीत. पण पंचवीस माणसांनी हळू आवाजात, एका श्वासात, सुरात वाजवायचं म्हणजे लपायला जागाच नाही. मग मधे खळबळ होते, आवाज एकामागून एक येऊन एकमेकांत अडकतात, आणि मग परत ती शांती येते, पण आता ती सुरुवातीची राहिलेली नसते, काहीतरी सोसून आलेली असते. कॉन्टेस्टमध्ये तेव्हा पर्कशन, म्हणजे तालवाद्यं, वाजवायला परवानगीच नव्हती, ती मिळाली १९७० च्या आसपास, म्हणजे १९५० मध्ये हा सगळा ताण, हे सगळं वादळ बॉल यांना नुसत्या पितळेतून काढायचं होतं, टिंपनी नाही, झांज नाही. त्यासाठी ते बासवर आणि ट्रॉम्बोनवर भिस्त ठेवतात हे कोणालाही ऐकू येईल. पण तो ताण धरून ठेवायचं काम हॉर्न आणि बॅरिटोनचं. वर चाल थांबते, खाली बास थांबतो, आणि मधला एखादाच सूर अर्ध्या पट्टीने सरकतो, आणि तेवढ्याने सगळ्या हॉलचा रंग बदलतो. तो सूर बऱ्याचदा सेकंड हॉर्नकडे नाहीतर फर्स्ट बॅरिटोनकडे असतो. तुमच्या मुलीला म्हणावं पुढच्या रिहर्सलला तुझ्या पार्टमध्ये जिथे जिथे सूर अर्धी पट्टी हलतो तिथे पेन्सिलने खूण कर, आणि त्या वेळी बाकी बँडमध्ये कोण हलतंय ते ऐक. पुष्कळ ठिकाणी फक्त तीच हलत असेल.

श्वासाचं पण सांगतो. बॉल यांची वाक्यं गाण्यासारखी लांब असतात, चार मात्रा झाल्या की श्वास घेतला असं चालत नाही. तीन हॉर्न शेजारी बसलेत तर तिघींनी आपसात ठरवून घ्यायचं की कोण कुठे श्वास घेणार, एकदम घ्यायचा नाही. माझ्या बँडमध्ये मी रिहर्सलला वाद्यं खाली ठेवायला लावून आधी तोंडाने गाऊन घेतो, शब्द नसले तरी. ज्याला तोंडाने ओळ गाता येत नाही त्याला ती वाद्यावर येत नाही, आणि बॉल यांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

बाकीच्या रचना भराभर सांगतो. १९५६ च्या नॅशनलला ‘फेस्टिव्हल म्युझिक’, १९६७ ला ‘जर्नी इनटू फ्रीडम’, १९६९ ला ‘हाय पीक’, १९७२ ला ‘केन्सिंग्टन कन्चर्टो’, १९७६ ला ‘सिन्फोनिएटा: द वेफेअरर’. यातली मला सगळ्यात जवळची ‘जर्नी इनटू फ्रीडम’, सुरुवातीला यंत्रासारखं कठोर जग आणि त्यातून सुटायची धडपड, आणि मग अशी एक चाल येते की बँडमधल्या रुक्ष माणसाचाही आवाज मऊ होतो. एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगतो, सत्तरच्या दशकात नव्या पिढीचे संगीतकार आले, त्यांची हार्मनी धारदार होती, ताल कठीण होते, आणि त्यांच्या शेजारी बॉल जुने वाटायला लागले. काही रचना खरंच त्यांच्या काळातच राहतात असं माझंही मत आहे, विशेषतः हलक्याफुलक्या सुइट्स, म्हणजे छोट्या तुकड्यांच्या मालिका. पण ‘रिसर्गम’ला वयच नाही.

त्यांनी वाजवणं-लिहिणं याशिवाय केलेलं काम पण मोठं. पन्नास-साठच्या दशकात ते ‘ब्रिटिश बँड्समन’ या साप्ताहिकाचे संपादक होते. छोट्या गावातल्या बँडमास्टरला दर आठवड्याला शहाणं, सौम्य बोलणारं कोणीतरी वाचायला मिळायचं. देशभर आणि परदेशात जज म्हणून फिरायचे. १९६९ मध्ये त्यांना ओबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला. आणि त्यांच्या मागून मुक्तिफौजेतून आलेल्या माणसांनी ब्रास बँडचं जग भरून टाकलं, न्यूझीलंडचे डीन गॉफिन, ज्यांचं ‘र‍्हॅप्सडी इन ब्रास’ १९४९ ला म्हणजे ‘रिसर्गम’च्या आदल्याच वर्षी बेल व्ह्यूला टेस्ट पीस होतं, रे स्टेडमन-ॲलन, शेफील्डचे विल्फ्रेड हीटन, आणि अलीकडे पीटर ग्रॅहम. प्रत्येकाची भाषा वेगळी, हीटन तर बॉल यांच्याहून कितीतरी खडतर, पण प्रत्येकाच्या स्कोअरमध्ये, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेल्या लिखाणात, मधला बाक जिवंत असतो. ही शिकवण कुठून आली ते वेगळं सांगायला नको.

आता तुमचा अभंग. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडचे लोक या ठिकाणी बहुतेक एकच करतात, पेटीवर वाजते ती चाल सगळ्या कॉर्नेटना देतात, बासला सा आणि प देतात, मधल्यांना पियानोसारखे कॉर्ड वाटून देतात आणि ढोलकी लावतात. मोठा आवाज होतो, टाळ्या पण पडतात, पण हॉर्नवाली पोर म्हणते मला कंटाळा आला.

पहिलं म्हणजे पट्टी. घरात गाणारे काळी एक धरून बसतात, ती सी शार्प म्हणून लिहिलीत तर शार्पचा ढीग होतो आणि बँडच्या पोरांना फार अवघड जाते. काळी पाच किंवा काळी दोन घ्या, म्हणजे बी फ्लॅट किंवा ई फ्लॅट, ही वाद्यं त्याच पट्ट्यांत बनवलेली असतात. पांढरी चार पण चालेल. लिहिताना एवढं लक्षात ठेवा की कॉर्नेटला लिहिलेला सा ऐकू येतो तो एक स्वर खाली, आणि हॉर्न ई फ्लॅटचा, त्यामुळे पार्ट वेगळा लिहावा लागतो. बास ट्रॉम्बोन आणि पर्कशन सोडून सगळा बँड ट्रेबल क्लेफ, म्हणजे एकाच पद्धतीने लिहिलेलं नोटेशन, वाचतो, अगदी ट्यूबासुद्धा. ट्रॉम्बोन सोडले तर बोटं सगळ्यांची सारखी, त्यामुळे उद्या बँडला बॅरिटोनवाला कमी पडला तर तुमची मुलगी तिथे बसू शकते.

दुसरं, भूप घेतलात ते फार चांगलं केलंत. सा रे ग प ध, म आणि नी नाही. इथल्या कितीतरी जुन्या भजनांच्या चाली याच पाच सुरांच्या असतात आणि बॉल यांच्यासारख्यांनी त्या आयुष्यभर हाताळल्या. मोह होईल की कॉर्ड पूर्ण करायला मधल्या आवाजांत म आणि नी घालावेत. थोडे घाला, चालीच्या तोंडावर घालू नका. चाल जिथे थांबून श्वास घेते तिथे एखाद्या हॉर्नकडून नी सा असा सरकवा, लगेच गोड लागतं आणि राग मोडल्यासारखा वाटत नाही. बास सतत हलवत ठेवू नका, आपलं गाणं तंबोऱ्याच्या सवयीचं असतं, बासने सा धरून ठेवला आणि वर मधले आवाज हलले तर आपल्या कानाला ते घरचं वाटतं आणि बँडला काम पण मिळतं. भैरवी असती तर मी याहून जपून राहायला सांगितलं असतं, तिथे इंग्रजी कॉर्डची पद्धत पार भलतीकडे नेते.

तिसरं, शब्द आधी. अभंगाचं प्रत्येक कडवं कागदावर लिहून काढा आणि शेजारी लिहा की हे कोण म्हणतंय, मोठ्याने म्हणतंय की मनात. मग वाद्य ठरवा. धृपद सोलो कॉर्नेटला द्या, ठीक आहे, लोकांना चाल ओळखता आली पाहिजे. पहिलं कडवं फ्लुगलला द्या, आपल्या भजनाला त्याच्याइतका जवळचा आवाज बँडमध्ये दुसरा नाही, मऊ आणि जरासा घोगरा. दुसऱ्या कडव्यात चाल तीन हॉर्नना तीन आवाजांत द्या, वर काहीच ठेवू नका, कॉर्नेट पूर्ण गप्प. युफोनियमला चालीच्या मधल्या मोकळ्या जागांत उत्तरं द्यायला सांगा, तुमच्याकडे पेटीवाला भरतो तशी. सगळा बँड एकदम फक्त शेवटच्या धृपदाला. बॉल यांच्याकडून घ्यायची असेल तर ही गोष्ट घ्या, कोणाला कधी गप्प ठेवायचं. पूर्ण वेळ सगळे वाजत असले की शेवटी वाढवायला काही उरत नाही.

मींड आणि गमक लिहायचा हट्ट नको. तीन पिस्टनच्या वाद्यावर मींड येत नाही, ट्रॉम्बोनवर येते पण मुलांकडून वाजवून घेतली की लोक हसतात. त्यापेक्षा जिथे गायक मींड घेतो तिथे दोन सूर एकाच श्वासात, जिभेचा ठोका न देता वाजवायला सांगा, पुरेसं होतं. आणि तबला किंवा ढोलकी ठेवणार असाल तर बँडचा आवाज तिच्या मापाने ठेवा, पंचवीस पितळी वाद्यांसमोर तबला हरतो, म्हणून तबल्याच्या वेळी अर्धा बँड गप्प ठेवा नाहीतर माईक लावा. पखवाज मिळाला तर उत्तम, तो टिकतो.

अभ्यासाला काय घ्यायचं विचाराल तर बॉल यांनी एल्गारच्या ‘एनिग्मा व्हेरिएशन्स’ची ब्रास बँडसाठी केलेली मांडणी मिळवा, आणि एल्गारचा मूळ ऑर्केस्ट्राचा स्कोअर शेजारी ठेवून एकच व्हेरिएशन ओळीने ताडून बघा, ‘निमरॉड’पासून सुरुवात करा कारण ते संथ आहे आणि कान पुरतो. व्हायोलिनचा पंचवीस-तीस जणांचा ताफा जे करतो ते नऊ कॉर्नेटमध्ये कसं बसवलं, व्हायोला आणि चेलोच्या ओळी हॉर्न, बॅरिटोन, युफोनियममध्ये कशा वाटल्या, कुठे ओळ अर्ध्यात एकाकडून दुसऱ्याकडे दिली म्हणजे श्वास तुटू नये. हे एकदा हाताने लिहून काढलंत तर अभंगाचं निम्मं काम आपोआप होईल. मुलीला पण बसवा सोबत, हॉर्नच्या ओळी तिला लिहू द्या.

स्कोअरचा पहिला खर्डा झाला की सगळे पार्ट छापण्याआधी बँडमधल्या तिघींना, म्हणजे हॉर्नच्या बाकालाच, घरी बोलावून फक्त त्यांच्या तीन ओळी वाजवून घ्या, वरची चाल न वाजवता. तेवढ्या तीन ओळी ऐकताना बरं वाटलं तर पुढचं लिहा, आणि कंटाळवाणं वाटलं तर तो भाग पुन्हा करा, कॉर्नेट त्यावर कितीही छान वाजले तरी. काही अडलं, एखादा पार्ट कुठल्या वाद्याला बसेल की नाही असं वाटलं, तर खाली लिहा, मी बघतो.